आठवडी बाजाराचा वार विचारून घ्या

परळी-औंढा नागनाथच्या प्रवासात मुलांना हॉटेलचं खाणं सोडून ताजं काय द्यावं, असं एका ताईंनी विचारलंय. ताई, मुक्कामी पोचलात की आधी आसपासचा बाजार कुठल्या वारी भरतो ते विचारा. कडेला पोतं अंथरून, थोडाच माल मांडून बसलेले बहुधा शेतकरीच असतात. त्यांच्याकडून घ्या.

पावसाळा सरताना जाणार असाल तर बीडकडचं सीताफळ चुकवू नका. बालाघाटच्या डोंगरातलं हे फळ, जीआय मानांकन (त्या भागाची खासियत म्हणून मिळणारी अधिकृत ओळख) उगाच मिळालेलं नाही. घेताना सालीवरचे डोळे बघा: चांगले उघडलेले, मधल्या रेघा पिवळसर-पांढऱ्या, पण फळ हाताला टणक. असं फळ एक-दोन दिवसांत गाडीतच पिकतं. मऊ झालेलं मात्र तिथंच खाऊन टाका, डिकीत त्याचा नुसता लगदा होतो.

वाळूक (काकडीच्या जातीचं फळ) दिसलं तर तेही घ्या, वास घेऊनच. पिकलेल्याचा घमघमाट लपत नाही. काकडी, वाळूक पिण्याच्या पाण्यानं धुवूनच मुलांना द्या. बाजारात शिंपडलेलं पाणी कुठलं ते सांगता येत नाही. थंडीत गेलात तर ज्वारीच्या हुरड्याची चौकशी नक्की करा. आणि सुटे पैसे जवळ असू द्या.