उत्तर: पंचगंगेकाठची शरदातली फोटोग्राफी

'शरदात आपल्याकडं पानांना रंगच चढत नाही, मग प्रयाग चिखलीकडं (कोल्हापूरजवळ, पंचगंगेकाठी) कॅमेरा न्यायचा कशाला' हे या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय. पहिलं अर्धं बरोबर आहे. करंज, उंबर, जांभूळ या दिवसांत हिरवेगारच असतात, पानगळ बघायची तर माघ-फाल्गुनात या. पण रंग झाडावरच का शोधायचा? ऑक्टोबर-नोव्हेंबरात काठच्या उसाला तुरा येतो. कलत्या उन्हात सूर्याकडं तोंड करून बघा, चंदेरी तुरे आणि मागं झाडांची काळपट रांग. शेतकरी तुऱ्यावर वैतागतो (उसाची वाढ थांबते ना), फोटोवाल्याची मात्र चैन. दिवाळीच्या आसपास गुऱ्हाळं पेटली की धूर नदीवर आडवा पसरतो, तो वेगळाच.

पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चमक कापणारा फिल्टर) फक्त आभाळासाठी, हे वरचं म्हणणं मात्र पटलं नाही. खरा उपयोग पानांवर होतो. पानावरची पांढरी चमक गेली की आतला हिरवा दिसतो. फिल्टर फिरवत स्क्रीनवर बघा, फरक लगेच कळतो. पहाटे धुकं असेल तर कॅमेरा ते करडं करून टाकतो. एक्स्पोजर एखादा स्टॉप वाढवा, म्हणजे कॅमेऱ्यात दुप्पट उजेड घ्या.

आणि फांद्यांकडं नीट बघून चौकट धरा. पुरानं आणलेलं प्लॅस्टिक, चिंध्या, वाळलेलं गवत डोक्याच्याही वर लटकत असतं. काहीजण ते एडिट करून काढतात. मी ठेवतो, २०१९ आणि २०२१चे पूर बघितलेल्या गावाचा फोटो आहे तो.