भिगवणला एकट्यानं जावं की चार जणांत? आणि पांढरे पक्षी फटफटीत येतात त्याचं काय करू?

गोळीवाला_बारामती

नमस्कार मंडळी. औषधाचं दुकान आहे, वय ५४. दुकान रविवारी बंद, त्यामुळे छंदही रविवारचाच. मुलीनं नवा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्या गळ्यात अडकवला. त्याला ७०-३०० मिमीची झूम लेन्स आहे. नोव्हेंबरपासून भिगवणजवळ, उजनी धरणाच्या काठावर कुंभारगावला जातोय. साडेचार हजार फोटो काढले असतील, ठेवण्यासारखे निघाले १९. त्यातले सहा एकाच शेकाट्याचे. तो काठापासून दहा-बारा फुटांवर गाळात चोच खुपसत होता, मी चिखलात बसकण मारली तरी हलला नाही. पाय एवढे लांब की खाली वाकताना गुडघ्यात मोडतोय की काय असं वाटावं. पाण्यातल्या सावलीचे धरून चार लाल काड्या. तेवढा एक पक्षी मला आपल्या ओळखीतला वाटतो.

अडचण पहिली. बगळे, चित्रबलाक, रोहित (फ्लेमिंगो), जे पांढरं ते धोब्याकडून आल्यासारखं येतं. पीस म्हणून दिसत नाही. आणि उडतं ते सगळं हललेलं.

अडचण दुसरी, खरी. मागच्या रविवारी पहिल्यांदा सात जणांच्या ग्रुपबरोबर होडीत बसलो. सगळ्यांकडे तोफांएवढ्या लेन्स. मी माझी लेन्स काढली तेव्हा कुणी हसलं नाही, पण पंगतीत घरून ताट घेऊन बसल्यासारखं झालं. तेवढ्यात नावाडी ओरडला, "उजव्या हाताला, कैकर!" वरून दगड पडावा तसा तो पाण्यात पडला आणि मासा घेऊन गेलासुद्धा. सातांपैकी एकालाही मिळाला नाही. अख्ख्या होडीतून एकदम "अर्रर्र!" निघालं आणि मग जे हसलो ते काठाला लागेपर्यंत. एकटा असताना असले चुकलेले फोटो मी गुपचूप डिलीट करतो.

तर एकटा गेलो की फोटो जरा बरे येतात, चारचौघांत गेलो की मजा येते. तुम्ही काय करता? की ६०० ची लेन्स घेऊनच टाकू? बायकोला अजून सांगितलेलं नाही.

शटर_हजार

लेन्स नको. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा असेल तर ३०० ची चौकट ४५० सारखी मिळते. होडीत शटरचा वेग १/१६०० सेकंदाच्या खाली उतरू देऊ नका, उडत्याला १/२०००. आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ऑटोवर टाका. दाणे दिसले तर दिसू देत, हललेल्यापेक्षा बरे.

पांढरा पक्षी गडद पाण्यावर असला की एक्स्पोजर -०.७ किंवा -१. कॅमेऱ्याला चौकटीभर काळं पाणी दिसतं, तो सगळंच उजळ करून ठेवतो आणि त्यात पिसं जळतात. पांढऱ्या आकाशावरचा पाणकावळा याच्या उलट, तिथे +१. मोड बदलल्यावर आकडा शून्यावर आणायला विसरू नका. मी विसरतो.

दहानंतर पाण्यावर ऊन थरथरायला लागतं. मग दोन लाखांची लेन्ससुद्धा लांबचा पक्षी तुपात बुडवल्यासारखा दाखवते. सूर्य उगवायच्या आत होडीत बसा.

सोलापूरची_अक्का

गोळीवाले दादा, बायकोला सांगू नका आणि लेन्सही घेऊ नका.

आम्ही चौघी आहोत. मी पोस्टातून निवृत्त, एक शिवणकाम करते, एक शाळेत होती, चौथी माझी नणंद. चौघींत मिळून कॅमेरा एक आणि दुर्बिणी दोन. अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी, घड्याळ नणंदेकडे, ती माझीही गय करत नाही. जिच्या हातात कॅमेरा नसतो तिनं शोधायचं आणि सांगायचं. पहिल्या वर्षी भांडणं झाली, कारण पाळी शिवणवालीची आणि पक्षी माझ्या पाळीत बघून ठेवलेला. आता नियम असा की फोटो कुणीही काढो, पक्षी ज्याला आधी दिसला त्याचा. वहीत तसं नाव पडतं.

आमची सगळ्यात मोठी मजा भिगवणची नाही, घराजवळच्या ज्वारीची. जानेवारी-फेब्रुवारीत कणसं भरली की भोरड्या उतरतात. मध्य आशियाकडून येणारा पक्षी, अंगावर फिका गुलाबी शर्ट, डोकं नि पंख काळे. शेतकरी माळ्यावर गोफण घेऊन उभा. त्याच्यासाठी ते पीक खाणारं संकट आणि आम्ही बांधावर तोंड वर करून. लाज वाटते थोडी. म्हणून आधी त्याला विचारतो, चहाचा थर्मास पुढे करतो. गेल्या वर्षी एकानं आम्हालाच सांगितलं, "बाई, तुम्ही ओरडा, मी दमलो." चौघी ओरडलो. थवा उठला तो धुरासारखा, एकदा चपटा, एकदा गोळा, मग बाभळीवर जाऊन बसला आणि तासभर किचकिचाट. त्या दिवशीचे फोटो म्हणाल तर आकाशात मिरी सांडल्यासारखे. पण टीव्हीला कॅमेरा लावून, शेंगाचटणी-भाकरी खात ते २०० फोटो बघितले, १९७ एकमतानं उडवले. एकटीनं उडवताना जीव तुटतो, चौघींत उडवताना उखाणा घेतल्यासारखं होतं.

आणि "उजव्या हाताला" ही होडीतली सगळ्यात निरुपयोगी सूचना आहे. कुणाच्या उजव्या? आम्ही घड्याळ लावतो. होडीचं टोक म्हणजे बारा. "तीन वाजता, पाण्यालगत" म्हटलं की सगळ्यांची मान एकीकडे वळते.

बांधावरचा

मी एकट्यानंच जाणाऱ्यांतला, म्हणून थोडं कडू लिहितो.

ग्रुप वाईट नाही, ग्रुपची घाई वाईट. रोहित उभा असताना पांढुरका दिसतो, लाल असतो तो पंखांच्या आत, उघडले की पळस फुलल्यासारखा. अग्निपंख म्हणतात ते त्यासाठी. आता तो फोटो सगळ्यांनाच पाहिजे. मी स्वतः पाहिलंय, होडीतले पाहुणे नावाड्याला "जरा जवळ घ्या, उठवा की" म्हणतात. नावाडी मूळचा मासे धरणारा, त्याचं पोट आपल्यावर, तो नाही कसा म्हणणार? रोहिताला उठायला पाण्यावरून धावत जावं लागतं. डोकं उलटं बुडवून चिखलपाणी गाळत बसलेला असतो, सकाळभर त्याचं तेच काम. ते मोडून काढलेला फोटो मला बघवत नाही. घरट्यापुढच्या फांद्या बाजूला बांधून काढलेला तर नाहीच. कावळ्याला आयतं दार.

इंजिन लांबच बंद करायला सांगा, पुढे बांबूनं ढकलत जा आणि थांबा. त्यांना उडायचं तेव्हा उडतील. यंदा पाणी अजून उतरलेलं नाही, चिखलाचे पट्टे उघडे पडले नाहीत तर रोहित कमीच दिसतील. शेकाट्याला मात्र तुम्ही बसून राहिलात, तिथे तुम्ही आमच्यातले आहात.

गोळीवाला_बारामती

सगळ्यांचे आभार. आज परत जाऊन आलो, त्याच ग्रुपबरोबर. -०.७ नं काम केलं. चित्रबलाकाच्या पाठीवरची गुलाबी पिसं पहिल्यांदा सुटी दिसली. नंतर आकडा शून्यावर आणायचं विसरलो, पुढचे ४० फोटो संध्याकाळचे वाटतात.

रोहित लांब होते, १७-१८ असतील. बांधावरचा म्हणाले तसं थांबलो. पाऊण तास एकही उडाला नाही. सहाव्या माणसानं डबा उघडला, साबुदाण्याची खिचडी फिरली. माझं ७०-३०० बघून एकानं "जरा द्या हो, माझ्या लेन्समध्ये जवळचा धोबी पक्षी मावत नाहीये" म्हणून मागून घेतलं. शेपूट हलवत तो होडीच्या काठावरच येऊन बसला होता.

आणि अक्का, घरी येऊन मागच्या रविवारचे जुने फोटो पुन्हा काढून बसलो. त्या कैकराच्या वेळी गडबडीत माझा झूम ७० वरच राहिलेला. पक्षी नाहीच. चौकटीत ग्रुपमधले तिघं, तोफा डावीकडे रोखलेल्या, तोंडं उघडी. त्यांच्या मागे नावाडी, एक हात बांबूवर, दुसरा सरळ लांब केलेला, बरोब्बर उलट्या दिशेला.

सोलापूरची_अक्का

म्हणजे कैकर नऊ वाजता होता. फोटो टाका. वहीत नावाड्याचं नाव लिहिते.