गर्भपात चार महिने थांबले तर काय बिघडलं?

गोदाकाठ: काल इथे एकाने लिहिलं, ‘२०२० साली दवाखाने कोविडने भरलेले, गर्भपात वगैरे चार महिने थांबले तर काय बिघडलं?’ चार महिने म्हणजे सतरा आठवडे. तेव्हा कायद्याची मर्यादाच २० आठवडे होती! माझी मावसबहीण दोन लेकरांची आई, एप्रिलमध्ये तांबी बसवायची होती. लॉकडाऊनमुळे राहिली आणि दिवस गेले. एसटी बंद. प्रवासाच्या पाससाठी पोलिसांना कारण काय सांगायचं? तालुक्याच्या दवाखान्याने आधी कोविडचा निगेटिव्ह रिपोर्ट मागितला. तो येईतो गोळ्यांनी गर्भपात करायची मुदत, म्हणजे नऊ आठवडे, उलटले. शेवटी भाड्याच्या गाडीने औरंगाबादला नेली.

कणखर: ते वाक्य माझं. मागे घेणार नाही. माझे वडील ऑक्सिजनच्या बेडसाठी तीन दवाखाने फिरून गेले. मरणाऱ्याला जागा नाही तिथे बाकीच्यांनी थांबायचं.

सिस्टर: दादा, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. पण गोळीला बेड लागत नाही. केंद्राने एप्रिल २०२० मध्येच सुरक्षित गर्भपात अत्यावश्यक सेवांत धरला होता. प्रत्यक्षात मी क्वारंटाईन सेंटरवर, आशाताई घरोघर ताप मोजत, नसबंदीची शिबिरं बंद.

औषधवाला: गोळी गोळी करताय, मिळते कुठे? २०१२ च्या परळीच्या स्त्रीभ्रूणहत्या प्रकरणानंतर तपासण्या सुरू झाल्या. प्रत्येक पाकिटाचा हिशेब, चिठ्ठी असली तरी शंभर प्रश्न. मी ठेवणंच सोडलं.

रानवारा: बरं केलंत. आमच्या भागात पोरांना लग्नाला मुली मिळत नाहीत. या गोळ्या मोकळ्या सोडल्या तर आणखी मुली मारतील.

सिस्टर: नऊ आठवड्यांत सोनोग्राफीवर मुलगा-मुलगी कळत नाही हो! मुलींची एवढी काळजी होती, तर त्याच एप्रिलमध्ये केंद्राने लिंगनिदान रोखण्यासाठीचा सोनोग्राफी सेंटरच्या मासिक अहवालाचा नियम जूनअखेरपर्यंत स्थगित केला, तेव्हा कुठे होतात?

रानवारा: तहसीलदारांना निवेदन दिलं होतं आम्ही. माहीत नसताना आरोप करू नका.

सिस्टर: दिलं असेल तर तेवढे शब्द मागे घेते. गोळीबद्दलचे नाही.

औषधवाला: आणि धाड पडली की दुकान माझं बंद होतं, तुमचं नाही.

कणखर: गोळीला बेड लागत नाही, एवढं मानतो. नऊ आठवडे उलटलेल्यांचं काय? त्यांना ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर लागतं, माणसं लागतात.

गोदाकाठ: उलटले कशामुळे, तेच तर सांगतेय. तिला सातव्या आठवड्यात गोळी मिळाली असती तर तुमची ओटी तिने मागितलीच नसती.