हायस्कूल प्रवेश परीक्षा: सराव पेपर किती सोडवायचे?

गणिताच्या बाई:
निवडक हायस्कुलांच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी बरीच वर्षं गणित शिकवतेय. स्पष्टच लिहिते: मुलांना दोन-दोन वर्षं पेपरांच्या घाण्याला जुंपणं थांबवा.

एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिचे चाळीस पेपर सोडवून झाले होते. प्रश्न होता, किंमत 20 टक्के वाढवली, मग 20 टक्के कमी केली, तर फरक किती? तिने ‘काहीच नाही’ला गोल केला. तिचे जुने पेपर चाळले, तर हाच गोल आणखी तीन ठिकाणी. तिन्हीकडे लाल फुली, खाली एकूण गुण, आणि पुढचं पान. मी म्हटलं, 100 धरून करून बघ. 120 झाले. त्यांचे 20 टक्के काढताना ती अडखळली, हळूच ‘24?’ म्हणाली, 96 लिहिलं आणि त्या आकड्याकडे बघत बसली. मग स्वतःच म्हणाली, “दुसरे वीस टक्के मोठ्या रकमेचे आहेत!” ही चूक तीनदा हाताखालून गेली होती आणि एकदाही कुणी तिथे थांबलं नव्हतं.

दोन मुलांचा बाबा:
बाई, आदर ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. माझ्या थोरल्याला गणित उत्तम येत होतं. ‘समजलंय ना, मग पेपर कशाला’ म्हणून आम्ही मोजून चार पेपर दिले. परीक्षेत भूमितीच्या एकाच प्रश्नावर तो अकरा मिनिटं अडून बसला आणि शेवटचे चौदा प्रश्न कोरे राहिले. निगेटिव्ह मार्किंग नव्हतं, नुसते अंदाजाने भरले असते तरी चार-दोन लागले असते. न्यूयॉर्कच्या स्टायव्हसंटसारख्या निवडक सरकारी हायस्कुलांची प्रवेश परीक्षा बघा. बरीच वर्षं तिथे 114 प्रश्न आणि 180 मिनिटं असा हिशोब होता, आणि 1971 च्या कायद्याने प्रवेश फक्त त्याच गुणांवर. अडलेला प्रश्न सोडून पुढे जाणं अंगवळणी पडायला पेपरच लागतात.

रोजचा वाचक:
मीही बाबांच्या बाजूने. पेपर म्हणजे नुसती मोजपट्टी नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने बाजी मारली ती न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी. स्वतःला प्रश्न विचारणं हाही अभ्यासच. मात्र तो महिनाभर पसरलेला हवा. शेवटच्या आठवड्यात रोज दोन पेपर म्हणजे मुलाची झोप घालवणं.

क्लास न लावलेली:
इथे सगळे क्लासवाल्या घरांतलेच बोलताय. माझ्याकडे जुने पेपर सोडून काहीच नव्हतं. शिकवायला कुणी नाही, तेव्हा पेपर हाच गुरू. आणि काही जण म्हणतात, ‘खासगी शिकवण्याच बंद करा’, त्यांनी दक्षिण कोरियाकडे बघावं. तिथे 1969 पासून माध्यमिक शाळांच्या, 1974 पासून मोठ्या शहरांतल्या हायस्कुलांच्या प्रवेश परीक्षा काढत नेल्या, 1980 मध्ये खासगी शिकवण्यांवर बंदी घातली. तरी त्या चोरून चालू राहिल्या आणि 2000 मध्ये घटना न्यायालयाने ती बंदी रद्द केली. पैसेवाला वाट काढतोच, बाकीच्यांच्या हाती पेपरच उरतात. म्हणून म्हणते, पेपरांना नावं ठेवू नका.

गणिताच्या बाई:
ताई, तुमचं म्हणणं लागलं मनाला. पेपर वाईट असं मला म्हणायचं नव्हतं. ‘चाळीस झाले’ या आकड्यावर समाधान मानणं मला खुपतं. बाबा, घड्याळाचा मुद्दा मान्य. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत वेळ लावून पेपर हवेतच, माझ्या लिहिण्यात ते राहिलं. पण दोन वर्षं आधीपासून? नाही, तिथे मी ठाम आहे. तेव्हा अपूर्णांक, टक्केवारी, गुणोत्तर पक्कं होऊ द्या आणि मुलांना भरपूर वाचू द्या.

क्लास न लावलेली:
आणि चूक का झाली हे सांगायला कुणीच नसेल तर?

गणिताच्या बाई:
तर एक वही करायची. चुकलेला प्रश्न डावीकडे उतरवायचा, उजवीकडे कारण एका ओळीत: आलं नाही, नीट वाचलं नाही, की वेळ संपला. आठ दिवसांनी उजवी बाजू झाकून तोच प्रश्न कोऱ्या कागदावर सोडवायचा. पुन्हा चुकला तर तो धडा पहिल्यापासून, आणि तोवर नवा पेपर उघडायचा नाही. त्या मुलीची अशी वही साठ पानांची झाली. त्यानंतर तिने फक्त नऊ पेपर सोडवले.

दोन मुलांचा बाबा:
धाकटीचा पेपर रविवारी झालाय. आज नवा देणार होतो, तो ठेवून देतो. आधी वही आणतो.