दिल्ली पाहायची तर कशी? जाणकारांनो, बारकावे लिहा

धागाकर्ती

दिल्लीचं तिकीट काढलं की घरोघरी एकच यादी निघते: लाल किल्ला, कुतुब, इंडिया गेट, अक्षरधाम, लोटस टेंपल आणि शेवटी आग्रा. यादी सगळ्यांकडे आहे. इथे त्या यादीत न मावणारे बारकावे हवेत. कुठल्या बाजूने शिरायचं, कोणत्या वारी जायचं नाही, पायपीट किती, फसायला कुठे होतं. प्रवासवर्णनं आणि फोटो दुसऱ्या धाग्यावर.

सुरुवात मीच करते, वारांपासून. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेंपल, गांधी स्मृती, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय ही सगळी सोमवारी बंद. चांदणी चौक आणि खारी बावलीची बहुतेक दुकानं रविवारी बंद. ताजमहाल शुक्रवारी बंद. म्हणून शनिवार-रविवार-सोमवार अशी सुट्टी जोडून येणाऱ्यांची हमखास पंचाईत होते. तसेच दिवस असतील तर सोमवार कुतुब, मेहरौली, हुमायूनची कबर आणि लोधी गार्डनसाठी ठेवा. ही ठिकाणं सोमवारीही उघडी असतात. शिवाय 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीच्या आधीचे काही दिवस लाल किल्ला पर्यटकांना बंद असतो, आणि जानेवारीत संचलनाच्या तालमींमुळे इंडिया गेटच्या आसपासचे रस्तेही अडवतात.

अजमेरी गेट

आधी स्टेशनाचं बघा. मुंबई सेंट्रलहून बोरिवलीमार्गे जाणारी राजधानी 'नवी दिल्ली'ला जाते. सीएसएमटीहून कल्याण-नाशिकमार्गे जाणारी राजधानी, ऑगस्ट क्रांती आणि पुण्यावरून जाणारी गोवा एक्स्प्रेस या तिन्ही 'हजरत निजामुद्दीन'ला संपतात. 'दिल्ली जंक्शन' म्हणजे जुनी दिल्ली, ते तिसरंच. परतीच्या तिकिटावरचं स्टेशन नीट वाचा. चुकीच्या स्टेशनावर पोचलात तर गर्दीच्या वेळी गाडी हमखास चुकते.

नवी दिल्ली स्टेशनाला दोन तोंडं आहेत. फलाट 1 पहाडगंजच्या बाजूला, फलाट 16 अजमेरी गेटच्या बाजूला. मेट्रोची यलो लाइन आणि विमानतळाची एअरपोर्ट एक्स्प्रेस, दोन्ही अजमेरी गेटकडे. पहाडगंजला उतरलात तर सामानासकट सगळे फलाट ओलांडणारा पूल चढावा लागतो. त्या पुलाच्या तोंडाशी 'तुमचं तिकीट रद्द झालंय, बाहेरच्या ऑफिसात चला' किंवा 'तुमचं हॉटेल बंद पडलंय' असं सांगणारे सुटाबुटातले लोक भेटतात. सरळ पुढे चालायचं. तिकीट स्वतःच्या मोबाइलवर तपासायचं.

विमानाने येणाऱ्यांसाठी: टर्मिनल 2 आणि 3 एकमेकांना लागून आहेत, टर्मिनल 1 मात्र काही किलोमीटर लांब. एअरपोर्ट एक्स्प्रेस टर्मिनल 3 ला जाते. टर्मिनल 1 चं स्टेशन मॅजेंटा लाइनवर आहे.

पिवळीवाला

मेट्रोचा नकाशा पाहून घाबरू नका. पाहुण्याला दोन रेषा पुरतात. यलो लाइनवर चांदणी चौक, चावडी बाजार, नवी दिल्ली, राजीव चौक, जोर बाग (लोधी गार्डन), आयएनए (दिल्ली हाट), कुतुब मिनार. व्हायलेट लाइनवर लाल किल्ला, जामा मशीद, दिल्ली गेट, मंडी हाउस, जनपथ, खान मार्केट, जेएलएन स्टेडियम. या दोन रेषा काश्मीरी गेट आणि सेंट्रल सेक्रेटरिएट इथे एकमेकींना भेटतात. संध्याकाळी सहानंतर राजीव चौकात गाडी बदलणं म्हणजे दादरच्या पुलावर सामान घेऊन उभं राहणं. त्याऐवजी या दोन ठिकाणी बदला, आणि ब्लू लाइन हवी असेल तर व्हायलेटवरून मंडी हाउसला.

स्मार्ट कार्डावर भाड्यात 10 टक्के सूट आहे. त्याहून मोठी सोय म्हणजे तिकिटाची रांग वाचते. पिशव्यांच्या तपासणीची रांग मात्र कुणालाच चुकत नाही. सकाळी ऑफिसच्या वेळी तिला दहा-पंधरा मिनिटं धरा. गाडी ज्या दिशेला जाते त्या बाजूचा पहिला डबा बायकांचा. पुरुष तिथे चढले तर दंड होतो. कुटुंबाने येणाऱ्यांनी दुसऱ्या डब्यात एकत्र चढावं, नाहीतर उतरल्यावर शोधाशोध.

एक फसवं नाव: 'कुतुब मिनार' स्टेशनापासून मिनार चांगला दीडेक किलोमीटर लांब आहे. उन्हात मुलांना चालवू नका, रिक्षा करा.

पायपीट

कुतुबबद्दल. मिनार 72.5 मीटर उंच, आत 379 पायऱ्या, पण 1981 च्या चेंगराचेंगरीपासून वर जाणं बंद आहे. तेव्हा वर चढता येतं असं कुणी सांगत असेल तर ती आजोबांच्या काळातली माहिती. बाहेरून पाहताना पहिल्या मजल्याचे पन्हळ (भिंतीवरचे उभे उंचवटे) मोजत वर नजर न्या: एक टोकदार, एक गोल, असे आळीपाळीने. दुसऱ्या मजल्यावर नुसते गोल, तिसऱ्यावर नुसते टोकदार, आणि वरच्या दोन मजल्यांना मध्येच संगमरवर. वीज पडल्यावर फिरोजशहा तुघलकाने 14 व्या शतकात वरचा भाग पुन्हा बांधला, म्हणून दगडही बदलतो आणि पद्धतही. लोखंडी खांबाला मिठी मारता येत नाही, भोवती कुंपण आहे.

इथून निघून लोक थेट टॅक्सीत बसतात, तिथेच चुकतं. शेजारीच मेहरौली पुरातत्त्व उद्यान आहे: बल्बनची कबर, जमाली-कमालीची मशीद, राजों की बावली (बावली म्हणजे पायऱ्यांची विहीर). तिकीट नाही. आत पाट्या कमी आणि पायवाटा अनेक. म्हणून मोबाइलचा नकाशा आधीच उतरवून घ्या, पाणी घ्या आणि अंधार पडायच्या आत बाहेर या. बावलीच्या पायऱ्यांना कठडे नाहीत.

प्रकाशाचं गणित सांगतो. हुमायूनच्या कबरीत आपण पश्चिमेच्या दरवाज्याने शिरतो, त्यामुळे समोर दिसणारी बाजू उतरत्या उन्हात लाल होते. साडेतीन-चारला पोचा. लाल किल्ल्याचा लाहोरी दरवाजाही पश्चिमेला. राष्ट्रपती भवनाचं तोंड पूर्वेला, तिथे सकाळ चांगली. पुरातत्त्व खात्याची तिकिटं ऑनलाइन काढली तर थोडी स्वस्त पडतात आणि खिडकीवरची रांगही टळते.

चिनॉयचा चष्मा

इंडिया गेटपासून राष्ट्रपती भवनाकडे चालत गेलात तर एक गंमत दिसते. लांबून पूर्ण दिसणारं भवन जवळ जाताना खाली बुडत जातं, आणि विजय चौकात पोचेपर्यंत घुमटाचाच भाग उरतो. चढ तीव्र ठेवला गेल्याने हे झालं. वास्तुकार दोन: दोन्ही सचिवालयं बेकरची, भवन लुट्येन्सचं, आणि या चढावरून दोघांचं कायमचं बिनसलं. राजधानी हलवण्याची घोषणा डिसेंबर 1911 ची, उद्घाटन 1931 चं, म्हणजे भांडायला भरपूर वेळ होता.

आत जायचं तर ऑनलाइन नोंदणी आधी करावी लागते आणि मूळ ओळखपत्र लागतं. अमृत उद्यान (आधीचं मुघल गार्डन) मुख्यतः फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडतं. रस्त्यांची नावं दोन-दोन आहेत: राजपथ म्हणजे आता कर्तव्य पथ, रेस कोर्स स्टेशन म्हणजे लोक कल्याण मार्ग. कॅनॉट प्लेसला सगळे सीपीच म्हणतात. तिथे पत्ता शोधताना ब्लॉकचं अक्षर पाहा: ए ते एफ आतल्या वर्तुळात, जी पासून पुढे बाहेरच्या. हे ठाऊक नसेल तर गोल गोल फिरत राहाल, खांब सगळे सारखेच.

राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची नर्तिका शोधताना मोठा पुतळा डोळ्यांसमोर ठेवू नका. ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची आहे, आणि अनेक जण काचेसमोरून तिला न पाहता पुढे जातात.

पहाडगंजकर

आपल्या लोकांना दिल्लीत मराठ्यांच्या खुणा हव्या असतात, पण त्या पाटीवर फारशा सापडत नाहीत. माहिती घेऊन जावं लागतं.

तालकटोरा: 1737 च्या मार्चमध्ये पहिल्या बाजीरावांची फौज दिल्लीवर चालून आली तेव्हा या भागात होती. आज बाग आणि स्टेडियम आहे, आणि त्याच स्टेडियममध्ये फेब्रुवारी 2025 मध्ये 98 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. बुराडी: 10 जानेवारी 1760 ला दत्ताजी शिंदे पडले ते इथल्या यमुनेच्या घाटावर. लाल किल्ल्यातला दिवाण-ए-खास: आत गेल्यावर सगळे मयूरासनाचा चौथरा बघतात. तुम्ही मान वर करा. मूळ छताला चांदी होती. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी ती उतरवून तिचे रुपये पाडले. आता दिसतं ते लाकूड. अभिमान वाटून घ्यायचा की हळहळायचं, ज्याचं त्याने ठरवावं, पण पानिपतच्या आधी तिजोरीत काय होतं ते त्या छताकडे बघून कळतं. पुढे 1771 मध्ये महादजींनी दिल्ली घेतली आणि मुघल बादशहा शाह आलम पुढच्या वर्षी मराठ्यांच्या पहाऱ्यात गादीवर परतला. हा अंमल संपला 11 सप्टेंबर 1803 ला, यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत. त्या लढाईचं इंग्रजांचं स्मारक आज नोएडाच्या गोल्फ कोर्समध्ये आहे.

खुद्द पानिपत दिल्लीहून 90 किलोमीटरच्या आसपास. सकाळच्या गाडीने जाऊन काला अंब (तिसऱ्या लढाईचं स्मारक) पाहून संध्याकाळी परत येता येतं. स्टेशनापासून स्मारक लांब आहे, तेव्हा जाण्या-येण्याची रिक्षा एकदमच ठरवा.

आणि अलिपूर रोडचं 26 क्रमांकाचं घर विसरू नका. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण तिथे झालं. आता तिथे उघडलेल्या संविधानाच्या आकाराचं राष्ट्रीय स्मारक आहे. सिव्हिल लाइन्स स्टेशनावरून रिक्षा करा.

धागाकर्ती

@पहाडगंजकर, मराठी जेवणाचं काय?

पहाडगंजकर

कस्तुरबा गांधी मार्गावरचं नवं महाराष्ट्र सदन आणि कोपर्निकस मार्गावरचं जुनं. कँटीनमध्ये बाहेरच्यांना कधी सोडतात ते दारावर विचारून घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा. नव्या सदनात गेलात तर हेली रोडवरची अग्रसेन की बावली तिथून चालत गाठता येते. दुपारी तिथे रील काढणाऱ्यांची जत्रा असते, सकाळी जा.

किनारी बाजार

जुन्या दिल्लीत पहिल्यांदा जाणाऱ्यांनी क्रम पाळा. जामा मशीद स्टेशनावर उतरून आधी मशीद (नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, शुक्रवारी दुपारी जाऊच नका), मग दरीबा, किनारी बाजार, मग चांदणी चौकातून पश्चिमेला फतेहपुरी आणि शेवटी खारी बावली. उलट गेलात तर मसाल्यांच्या पिशव्या दिवसभर वागवाल. लाल किल्ल्यापासून फतेहपुरीपर्यंतचा रस्ता दिवसा मोटारींना बंद आहे, सायकलरिक्षा चालतात. भाडं बसण्याआधी ठरवा आणि ते माणशी की रिक्षाचं, हेही स्पष्ट विचारा. भांडणं तिथेच होतात.

खारी बावलीत मिरचीची पोती उघडी असतात, ठसका लागतो. दमेकऱ्यांनी तोंडाला रुमाल बांधावा. बदाम घेताना एक फोडून चावून बघा. कडवट किंवा खवट लागला तर पुढच्या दुकानात.

पराठेवाली गल्लीत तव्यावरचा पराठा मिळेल असं समजू नका. तिथला पराठा कढईत तुपात तळतात, दोनातच पोट भरतं. सकाळी असाल तर बेडमी पुरी आणि बटाट्याची रस्सा भाजी, त्यापुढे दुसरं काही नाही. निहारी (मंद आचेवर शिजवलेला मटणाचा रस्सा) खाणाऱ्यांनी जामा मशिदीजवळच्या मटिया महलकडे सकाळी लवकर जावं. देग (मोठं पातेलं) संपली की संपली.

धागाकर्ती

आम्ही फेब्रुवारीत जातोय. हवा आणि ती 'दौलत की चाट' दोन्हीबद्दल सांगा.

पिवळीवाला

हवा उत्तम. डिसेंबरअखेर ते जानेवारी धुक्याने गाड्या आणि विमानं तासन् तास उशिरा येतात, दिवाळीच्या सुमारास धूर. फेब्रुवारीत यातलं बरंच ओसरतं. सकाळ-संध्याकाळी स्वेटर मात्र लागतो.

किनारी बाजार

चाट नाव असलं तरी ती गोड आहे. दूध रात्री उघड्यावर गार करतात, पहाटे रवीने घुसळतात आणि वर येणारा फेसच तेवढा परातीत गोळा करतात. वर केशराचा पिवळा थर, खवा, पिठीसाखर, पिस्ते. द्रोणात घेतल्यावर उभ्या उभ्याच खायची, बोलत राहिलात तर खाली पाणी सुटतं. पार्सल मागू नका. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मिळेल. पुढे ऊन तापलं की फेस धरत नाही आणि गाडे दिसेनासे होतात. किनारी बाजाराच्या तोंडाशी सकाळी जा, दुपारनंतर पराती रिकाम्या.