उजळणी हवीच, निदान नख्या मोजायला

"एकदा शिकलो की झालं, दरवर्षी उजळणी कशाला?" असं ओढ्याचं पाणी तपासणाऱ्यांच्या प्रशिक्षणाबद्दल एकाने विचारलंय. पाणी किती चांगलं आहे ते जोखायला त्यातले किडे पकडून मोजतात; त्यासाठी व्हर्जिनियात ओढ्यावर जाळी घेऊन उतरायला लागलो तेव्हा मीही हेच म्हणायचो. दोन शेपट्या म्हणजे स्टोनफ्लाय या किड्याचं पिल्लू, तीन म्हणजे मेफ्लाय या दुसऱ्या किड्याचं, एवढ्या पाठांतरावर माझं चाललं होतं. उजळणीत कळलं की काही मेफ्लायनाही दोनच शेपट्या असतात, आणि जाळीतून काढताना एखादी तुटतेही. खरी खूण पायाच्या टोकाला असते: मेफ्लायला एक नखी, स्टोनफ्लायला दोन. भिंगाशिवाय ते दिसायचं नाही. त्याआधी मी तक्त्यात काय काय भरलं असेल, देव जाणे!

पाण्यातला ऑक्सिजन मोजण्याचंही तेच. हवेतून पाण्यात २० अंश सेल्सियसला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशांना जेमतेम ७.५. तापमान न लिहिता नुसता ऑक्सिजन नोंदवला तर त्यातून काय समजणार? चाचणीची रसायनंही मुदत उलटलेली निघतात, ते वेगळंच.

आमच्याकडे भाषणापेक्षा एक गोष्ट जास्त उपयोगी पडली. पकडलेल्या किड्यांचं एकच ताट दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि मग आकडे शेजारी ठेवायचे. पहिल्यांदा आमचे जुळले नाहीत. बराच वेळ वाद घातला आम्ही, चहा गार झाला.