शाळा इंग्रजी, घर मराठी: पाढे कुठल्या भाषेत पाठ करून घ्यायचे?

राजेंद्रनगरकर (इंदूर)

आमची नात तिसरीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, खाली खेळायला गेली की हिंदी. इंदुरातल्या बहुतेक मराठी घरांत हेच चित्र आहे. शाळेच्या पालकसभेत सांगण्यात आलं की घरच्या भाषेत पाढे घेऊ नका, मुलांचा गोंधळ होतो. मला हे पटलेलं नाही. इथे मांडतोय, कारण आपल्याकडे हा सल्ला कोणी प्रश्न न विचारता पाळतं आणि आजी-आजोबा गप्प बसतात.

माझं मत असं की निदान दहापर्यंतचे पाढे मराठीतच व्हावेत. पाढा कानाने शिकायचा असतो. दुणे, त्रिक, चोक, पंचे, सक, साती, आठी, नवे, दाही या प्रत्येक पायरीला स्वतःचा शब्द आहे. 'सात सक' ऐकलं की मनात गुणाकारच उभा राहतो, कारण 'सक' हा शब्द पाढ्याबाहेर आपण वापरतच नाही. 'सेव्हन सिक्स जा फॉर्टी टू' यात रोजचेच आकडे आहेत आणि मधल्या 'जा'ला मुलांच्या लेखी काही अर्थ नाही.

दुसरं, लांबीचं. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीची, म्हणजे काम चालू असताना गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, कल्पना मांडली. ऐकलेलं थोडा वेळ मनात घोळवत ठेवणारा एक भाग तिच्यात आहे, आणि तिथे किती मावतं हे उच्चाराला किती वेळ लागतो यावर ठरतं. वेल्समधल्या दुभाषिकांवरचा १९८० चा अभ्यास प्रसिद्ध आहे: वेल्श आकडे उच्चारायला जास्त वेळ घेतात, म्हणून तीच माणसं वेल्शमध्ये इंग्रजीपेक्षा कमी आकडे लक्षात ठेवू शकत होती. 'सात आठी छप्पन्न' किती आटोपशीर आहे ते स्वतः म्हणून पाहा.

तिसरीच्या बाई

काका, तुमची कळकळ समजते. पण मी याच शहरात इंग्रजी शाळेत गणित शिकवते आणि मला पूर्ण उलटं वाटतं.

प्रश्न फक्त पाठ होण्याचा नाही, पाठ झालेलं वेळेवर हाताशी येण्याचा आहे. 'सेव्हन एट्स?' असं विचारलं की मराठीत शिकलेलं मूल आधी प्रश्न मराठीत नेतं, 'सात आठी छप्पन्न' म्हणतं, मग छप्पन्नला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधतं. एका गुणाकाराला तीन कामं. तेवढ्यात शेजारच्या मुलाचा हात वर गेलेला असतो. असं चार-पाच वेळा झालं की ते मूल 'मला गणित येत नाही' असं ठरवून टाकतं, आणि ते पुसून काढायला मला वर्ष पुरत नाही.

तुम्ही संशोधनाचं बोललात म्हणून सांगते. एलिझाबेथ स्पेल्की आणि सॅना त्सिव्हकिन यांनी २००१ मध्ये रशियन-इंग्रजी दुभाषिक विद्यार्थ्यांना नवीन बेरजा एका भाषेत शिकवल्या आणि दोन्ही भाषांत विचारल्या. अचूक उत्तराच्या बेरजा शिकलेल्या भाषेत पटकन आल्या, दुसऱ्या भाषेत वेळ लागला. ते तर मोठे विद्यार्थी होते. मग आठ वर्षांच्या मुलांवर हा भार का टाकायचा? पुढची सगळी वर्षं परीक्षा ज्या भाषेत द्यायची, त्याच भाषेत पाढा बसू द्या.

आणि एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर! मूल 'एकोणसाठ' ऐकतं, 'साठ' पकडतं आणि ६९ लिहून मोकळं होतं. दर वर्षी पाहते मी हे.

मानसशास्त्र_शिकवतो

दोघांनी दिलेले दाखले खरे आहेत, पण दोन्ही थोडे ताणले गेलेत.

राजेंद्रनगरकर काका, वेल्शचा अभ्यास आकड्यांची यादी क्षणभर धरून ठेवण्याबद्दल आहे. पाढा कायमच्या स्मृतीत जातो. तिथे लांबीपेक्षा किती वेळा आणि किती अंतराने आठवून काढलं याला महत्त्व. एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून हे दाखवलं होतं: १२ निरर्थक अक्षरगटांची यादी आदल्या दिवशी एकदम ६८ वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांत साधलं. भाषा कुठलीही घ्या, रविवारी तासभर घोकण्यापेक्षा रोजची पाच मिनिटं जास्त टिकतात.

बाई, स्पेल्की-त्सिव्हकिनचा दुसरा अर्धा भाग तुम्ही सोडलात. अंदाजाच्या उत्तरांना भाषेचा फरक पडलाच नाही. म्हणजे 'हे उत्तर पन्नाशीच्या आसपास हवं' ही जाण एका भाषेत आली की दुसऱ्या भाषेत फुकट मिळते. शब्दांना चिकटून राहतं ते फक्त नेमकं उत्तर. त्या अभ्यासावरून 'शाळेच्या भाषेतही सराव हवा' इतकंच निघतं. 'घरच्या भाषेत नको' हे त्यात कुठेही नाही.

गोंधळाची भीती फार जुनी आहे. १९२० च्या दशकातल्या चाचण्यांत दुभाषिक मुलं मागे दिसली, पण तुलनेच्या गटांची सामाजिक परिस्थिती सारखी नव्हती. पील आणि लॅम्बर्ट यांनी १९६२ मध्ये माँट्रियलमधल्या दहा वर्षांच्या मुलांची नीट जुळवून तुलना केली तेव्हा दुभाषिक मुलं पुढे निघाली. आपल्याकडे अजित मोहंती यांनी ओडिशातल्या कंध मुलांवर काम केलं. एकाच समाजातली काही मुलं कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी, काही फक्त ओडिया. भाषेकडे भाषा म्हणून पाहण्यात दोन भाषावाली मुलं सरस होती. 'गोंधळ होतो' हे वाक्य पालकसभेत सांगण्याआधी शाळांनी एवढं तरी वाचायला हवं.

सुपर_कॉरिडॉर_बाबा

मला या चर्चेचा पायाच मान्य नाही. कुठल्याही भाषेत घोकायचंच कशाला? माझ्या मुलाला सात गुणिले आठ येत नसेल तर तो सात साते एकोणपन्नासमध्ये सात मिळवतो. त्याला गुणाकार कळलाय. पाठांतर करणाऱ्याला नुसता आवाज येतो. फोन हातात असताना तिसरीतल्या मुलाचा संध्याकाळचा वेळ यात घालवणं मला अन्याय वाटतो.

तिसरीच्या बाई

@सुपर_कॉरिडॉर_बाबा, इथे मी काकांच्या बाजूने आहे. तुमच्या मुलाला एकोणपन्नास कुठून आले? पाठ होते म्हणूनच ना!

समजणं आणि पाठ असणं यात भांडण नाही. चौथी-पाचवीत भागाकार येतो, अपूर्णांकांचा समच्छेद येतो. तिथे गुणाकार दर वेळी मांडून काढायला लागला की मूल मधली पायरी विसरतं. डोक्यात एका वेळी फार कमी गोष्टी धरता येतात. पाढ्याने ती जागा अडली तर गणिताला उरत नाही.

मल्हारगंज_किराणा

दोघेही इंदुरातच राहता ना? मग हिंदीला विसरलात कसे? शाळा इंग्रजी, घर मराठी, पण पैसे हिंदीत मोजले जातात. माझ्याकडे कामाला येणारी इंग्रजी शाळेतली मुलं गिऱ्हाइकाने 'उनहत्तर रुपये' म्हटलं की तोंडाकडे बघतात. 'सिक्स्टी नाइन' म्हटलं की हात चालतो.

आमच्या वडिलांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, अगदी औटकीपर्यंत (साडेतीनचा पाढा) करून घेतलं, सगळं मराठीत. दुकानात सगळं बोलणं हिंदीत. त्रास कधी झाला नाही, कारण छप्पन्न आणि छप्पन, बेचाळीस आणि बयालीस, बाहत्तर आणि बहत्तर ही सख्खी भावंडं आहेत. मराठी पाढा आला की हिंदी अर्धा आलाच. माझं मत मराठीला, आणि ते भावनेपोटी नाही, गल्ल्यासाठी.

सात आठी माझ्या नातवाला कधीच राहत नव्हतं. छप्पन दुकानला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, नेलं आणि सांगितलं, सात रांगा, रांगेत आठ दुकानं. प्रत्यक्षात रांगा तशा नाहीत, पण तो आकडा आता हलत नाही.

मानसशास्त्र_शिकवतो

किराणावाले दादा, तुम्ही केलंत ते अगदी योग्य. नव्या गोष्टीला आधीच्या ओळखीच्या गोष्टीशी बांधलं की आठवायला आणखी एक वाट मिळते. सात-आठलाच मुलं अडतात त्यालाही कारण आहे. चूक होते ती बहुधा शेजारच्या उत्तराकडे सरकून: ४८, ४९, ६३. खूपशी उत्तरं एकाच वेळी हाका मारत असतात. छप्पन दुकान त्या गर्दीतून एकाला वेगळं काढतं.

पुण्याहून_वाचतेय

महाराष्ट्रात २०१९ मध्ये मराठी संख्यानामांवरून मोठा वाद झाला. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक', त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन' असं आलं. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने मुलं अडखळतात. बाईंची 'एकोणसाठ'ची तक्रार नेमकी तीच आहे. चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' म्हणतात, तिथली मुलं लवकर मोजायला शिकतात असं अभ्यास सांगतात. मग मराठी पाढा गोड आहे म्हणून मुलांवर अवघड संख्यानामं लादायची का? मला अजून तरी बाईंचं पटतंय.

राजेंद्रनगरकर (इंदूर)

सगळं वाचलं. माझी मागणी आता नेमकी करून लिहितो, पण मागे घेत नाही.

पुण्याच्या ताई, 'वीस एक' ही संख्या ओळखण्याची पायरी झाली. पाढ्यापर्यंत येणारं मूल ती ओलांडून आलेलं असतं. आणि आमच्या घरात ते अवघड शब्द कानावरून रोज जातातच: भाजीचा भाव, गाडीचा नंबर, पणजीचं वय.

बाई, तुमच्या तीन कामांच्या मुद्द्यावर खूप विचार केला. तो वर्गापुरता खरा आहे. पण शाळेत पाढ्यांना आठवड्यात किती वेळ मिळतो हे तुम्हालाच ठाऊक. बाकीचा सराव घरी व्हायचा, आणि घरी वेळ कोणाकडे असतो? मुलगा-सून सात वाजता येतात. दुपारी आजी असते. तिला 'सेव्हन एट्स' म्हणता येत नाही आणि ती ते म्हणणारही नाही. तिला मराठीतून मनाई केली की तिचा पाढा इंग्रजीत होत नाही, तो बंदच होतो. शाळेच्या सल्ल्याचा प्रत्यक्ष परिणाम हा आहे, आणि मला राग याचा आहे. आजी आणि नात यांच्यातलं एक रोजचं काम काढून घेतलं जातं आणि त्याच्या जागी काहीच दिलं जात नाही.

२०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिक्षण द्यावं म्हणतं. माध्यम बदला असं मी म्हणतच नाही. दुपारची दहा मिनिटं मराठीची राहू द्या, एवढंच.

तिसरीच्या बाई

आजीचा मुद्दा मला मान्य आहे. तो मी आमच्या पुढच्या पालकसभेत नक्की मांडेन. 'घरी घेऊ नका' असं सांगणं मलाही चूक वाटतं.

पण माझा आग्रह कायम आहे, कारण आजीच्या हातचा पाढा बहुतेक घरांत एकाच रीतीने होतो: वरून खाली, सुरात, थांबे न घेता. अशा मुलाला 'सात आठी' विचारलं की ते 'सात एके सात'पासून निघतं. गाणं मधूनच सुरू करता येत नाही, तसंच. घरी दहा वेळा बरोबर म्हटलेलं वर्गात का येत नाही, याचं उत्तर भाषेइतकंच इथेही आहे. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. विद्यार्थ्यांनी उतारे वाचले. काहींनी पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी पुस्तक मिटून आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. म्हणणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून आजींना सांगा, आठवड्यातून दोनदाच सुरात म्हणून घ्या. बाकीचे दिवस उलटसुलट विचारा: सहा नवे? आठ चोक? सात साती? उत्तर तोंडी मराठीत येऊ द्या, पण पाटीवर आकड्यात लिहायला लावा. आकडा लिहिला की माझ्या वर्गात त्याला इंग्रजीत वाचणं सोपं जातं, मधलं शब्दांचं भाषांतर टळतं. तरीही माझ्या मते चौथीपर्यंत इंग्रजी पाढा पुढे असायला हवा, आणि ज्या घरात दुपारी कोणीच नसतं तिथे मी इंग्रजीच सांगणार.

मल्हारगंज_किराणा

पाटीवर लिहिण्याचं बरोबर. वडील दुकानात दर बोटाने पिठावर लिहायला लावायचे.

राजेंद्रनगरकर (इंदूर)

उलटसुलट विचारण्याचं आजपासून सुरू करतो. पण चौथीपर्यंत इंग्रजी पुढे, हे मला मान्य नाही. उत्तर आकड्यात लिहून होत असेल तर मनात ते कुठल्या भाषेत आलं याची शाळेला काळजी का असावी?

तिसरीच्या बाई

कारण तोंडी परीक्षेचेही गुण असतात, काका, आणि तिथे पाटी नसते. सहामाहीच्या आधी एकदा तिला ४९, ५९, ६९, ७९ आणि ८९ मराठीत सांगून लिहायला लावा, मग तेच इंग्रजीत म्हणायला सांगा. कुठे थांबते ते इथे लिहा, त्यावरून पुढे बोलू.